आधी मोडलं, मग पडले

आत्या, तू पडली नव्हतीस.

तुला ऐकू येत होतं तोवर हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. आज तुला जाऊन सोळा दिवस झाले. पोरं घरी गेली आहेत, शाळेच्या खोलीचं दार लोटून मी हे लिहितो आहे. तुला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून मला कधी तुला पत्र लिहावं लागलं नाही. शिवाय वीस वर्षं आपण एकाच घरात राहिलो. पांढरं लुगडं नेसून तू माहेरी परत आलीस तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. माझी आई नुकतीच गेली होती. चूल तू हातात घेतलीस आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर एका पोराचा निखळलेला खांदाही बसवलास. महिनाभरात अख्ख्या डोंगरकडा गावाला कळलं, की मास्तराच्या घरी हाडं बसवणारी गोदाबाई आली आहे.

तुझ्या कामाची पद्धत मला आधी विचित्र वाटायची. दुखणेकरी आला की तू दुखरी जागा बघायचीच नाहीस. आधी त्याचं वय काढायचीस. आपल्याकडे वर्षं कुणाला ठाऊक असतात? बाप्याला त्या मोठ्या तापाच्या साथीवरून विचारायचीस, "मानमोडीच्या साथीत केवढा व्हतास? ढोरं राखायचास का औत हाणायचास?" बाई असली तर, "लेकरं किती झाली? जगली किती ते नको सांगू, झाली किती ते सांग."

एकदा एक बाई मनगट धरून कळवळत होती. तशातही तिला हसू आलं. "गोदाबाई, हात मोडलाय माझा. लेकरं काहून मोजून राहिल्या?"

"तुझ्या हाडातला डिंक कितीजनांनी खाल्ला ते बघून राहिले," तू म्हणालीस.

ते वय कळल्याशिवाय तू हात लावायची नाहीस. लेकरू असेल तर उडदाच्या पिठाचा लेप आणि जुन्या लुगड्याची पट्टी, बस. लेकराचं हाड ओल्या फांदीसारखं एका अंगानं चिरतं, दुसऱ्या अंगानं धरून राहतं, असं तू सांगायचीस. तरण्या माणसाला बांबूच्या कामट्या, आणि हाड ओढून जागेवर आणायला दोन गडी. म्हाताऱ्यांना मात्र अंबाडीच्या हलक्या काड्या, खाली पिंजलेला कापूस, आणि ओढणं नाहीच. तुझ्या सासऱ्यानं तुला हे शिकवलं होतं. मला शिकवायचा तू पुष्कळ प्रयत्न केलास. मी शिकलो नाही. मी मास्तर होतो.

आपला वाद कुठून सुरू झाला, ते मला नीट आठवतं. शाळेला हैदराबादेहून एक उर्दू किताब आली होती, शरीराच्या माहितीची. त्यात लिहिलं होतं की हाडात दोन जिनसा असतात. एक चुना, त्यानं हाड टणक होतं. दुसरा सरसासारखा चिवट पदार्थ, त्यानं ते लवतं. लहानपणी चिवट पदार्थ जास्त असतो, म्हातारपणी चुन्याचं प्रमाण वाढतं. पोरांना दाखवायला मी कोंबडीच्या तंगडीची दोन हाडं घेतली. एक चुलीत पांढरं होईस्तोवर भाजलं. दुसरं हकीमसाहेबांकडून आणलेल्या सिरक्यात, त्या जहाल आंबट पाण्यात, आठ दिवस बुडवून ठेवलं. सिरक्यातल्याचा चुना निघून गेला आणि ते इतकं मऊ झालं की त्याची गाठ मारता आली. पोरं वेडी झाली. मीही खूश होतो. दोन्ही हाडं घेऊन घरी आलो, तुझ्यासमोर ठेवली, आणि किताबातलं सगळं तुला सांगितलं.

तू गाठ मारलेलं हाड हातात घेऊन कौतुकानं बघितलंस. "हे लेकराचं."

"आणि हे भाजलेलं?"

"हे माझं," म्हणालीस, आणि दोन बोटांत धरून त्याचा चुरा केलास. राखुंडीसारखा.

मी चिडलो. म्हणालो, "आत्या, भाजलेल्याचा तर सगळा चुना शिल्लक आहे. चुना म्हणजे टणकपणा. वीट भाजली की पक्की होते."

"मग टाकून बघ की वीट खाली, मास्तर."

रागात किंवा गमतीत असलीस की मी मास्तर, एरवी दत्ता. त्या दिवशी दोन्ही होतं.

त्यानंतर किती वर्षं आपण हेच भांडलो! तू किताब खोटी आहे असं कधी म्हणाली नाहीस. "असंल चुना जास्त. पन नुसत्या पिठाची भाकर व्हती का? धरून ठेवायला पानी लागतं का न्हाई?" असं म्हणायचीस. एकदा तर गावाबाहेर मेलेली ढोरं टाकतात तिथून तू पायाच्या दोन नळ्या पदरात गुंडाळून आणल्यास. एक गोऱ्ह्याची, एक म्हाताऱ्या बैलाची. माझी बायको राधा कपाळाला हात लावून म्हणाली, "आत्याबाई, काय आणलंय हे घरात! सोवळं तरी बघा!" तू तिच्याकडे लक्ष दिलं नाहीस. दोन्ही नळ्या करवतीनं आडव्या कापल्यास आणि माझ्यापुढं धरल्यास. गोऱ्ह्याच्या नळीची भिंत जाड, मधली पोकळी लहान. म्हाताऱ्या बैलाची पोकळी एवढी मोठी की माझा अंगठा आत गेला, आणि भिंत करवंटीएवढी पातळ.

"भाईरून दोन्ही सारखीच दिसत्यात," तू म्हणालीस. "म्हनून तर लोक फसत्यात."

मी बघितलं. डोळ्यांनी बघितलं, आत्या. आणि तरी म्हणालो, "एका बैलावरून काही ठरत नाही."

आता त्या सकाळबद्दल लिहायला हवं. तीन दिवस मी इथपर्यंत लिहून कागद फाडतो आहे.

दिवाळी होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी शाळेचा मुआयना होता, सरकारी तपासणी. साहेब येणार, दुपारचा चहा आपल्या घरी घेणार, म्हणून राधानं पहाटेच अंगण सारवलं होतं. तू ओट्याची पायरी उतरून अंगणात आलीस. हातात काही नव्हतं. कोंबडी तुळशीची माती उकरत होती, तिला हाकलायला तू नुसती कमरेत वळलीस. मी दारात दात घासत उभा होतो. मला आवाज ऐकू आला. वाळलेलं धाट मोडावं तसा, कट्ट. मग तू हळूच, कुणी खांदे दाबून बसवावं तशी, खाली गेलीस.

आधी आवाज, मग तू खाली. ते मी या कानांनी आणि या डोळ्यांनी अनुभवलं आहे.

तू ओरडली नाहीस. डावी मांडी धरून म्हणालीस, "दत्ता, खुब्यात मोडलं."

मी म्हणालो, "पडलीस तू. लचक भरली असेल."

"पडले म्हनून मोडलं न्हाई. आधी मोडलं, मग पडले. मला हलवू नको. फळीवर घाल आन् हिंगोलीला ने."

मी तुझा पाय बघितला. सरळ दिसत होता, सूज नव्हती. मला किताब आठवली. टणक हाड, धक्का नाही, दगड नाही, सपाट अंगण. काही न आपटता हाड कसं मोडेल? मी हे तुला मोठ्यानं समजावून सांगत होतो, आत्या, तू जमिनीवर बसलेली असताना. वर्गात सांगतो त्या आवाजात.

आणि आता खरं. मला किताब आठवली हे खरं आहे, पण ती आठवायला माझ्याकडे कारण होतं. हिंगोलीला जायचं म्हणजे गाडी जुंपायची, कळमनुरीवरून दिवसभराचा रस्ता, दुसऱ्या दिवशी परतणं. मुआयना चुकला असता. मागच्या खेपेला साहेबांनी माझ्याबद्दल वाईट शेरा लिहिला होता. या खेपेलाही तेच झालं तर नोकरी जाईल, या भीतीनं मी आठ दिवस नीट जेवलो नव्हतो. तुझं हाड मोडलं नसेल तर सगळं सोपं होतं. म्हणून ते मोडलं नव्हतं.

"चार पावलं टाकून बघ," मी म्हणालो. "मोडलं असेल तर टाकताच येणार नाही."

राधा म्हणाली, "अवो, ऱ्हाऊ द्या ना. त्या नको म्हनून राहिल्या."

मी तिला म्हणालो, "तुला काय कळतं? धर तिकडून."

आम्ही दोघांनी तुला काखेत धरून उभं केलं. तू माझ्याकडे बघितलंस. हजार माणसांची हाडं बसवलेली बाई, आणि तिला तिच्याच हाडाबद्दल मी शिकवत होतो. का टाकलीस ती पावलं, आत्या? मला हेच कळत नाही. मला पटावं म्हणून? का मी इतका घाबरलेला दिसत होतो? पहिलं पडलं. दुसरं पडलं. मला विजय झाल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो. तिसऱ्याला तुझा श्वास अडकला. चौथ्याला तुझं सगळं ओझं माझ्या हातावर आलं आणि डावं पाऊल आपोआप बाहेरच्या बाजूला वळलं.

"बस झालं, मास्तर," तू म्हणालीस.

मुआयना झाला. शेरा चांगला मिळाला. तुला हिंगोलीला न्यायला त्यानंतरचा दिवस उजाडला.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी पाय मोजला. डावा दोन बोटं आखूड झाला होता. माझ्याशी बाहेर बोलायला हवं होतं, पण ते तुझ्या खाटेपाशीच बोलले. या वयात कधी कधी खुब्याचं हाड मोडतं पण तुकडे एकमेकांत रुतून बसलेले असतात. तसंच पडून राहिलं तर जुळायची थोडी आशा असते. हलवलं की निसटतं. मग त्यांनी विचारलं, "यांना चालवलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

तू वर आढ्याकडे बघत होतीस. मी वाट बघत होतो की तू बोलशील. तुझ्या जिभेला कधी हाड नव्हतं, साहेब असो की पाटील असो. तू बोलली नाहीस. डॉक्टरांनी वाळूच्या पिशव्या पायाच्या दोन्ही बाजूंना ठेवायला सांगितल्या, आणि घरी न्यायला सांगितलं. परतीच्या वाटेवर तू एवढंच म्हणालीस, "बैलं हळू हाक." आणि कळमनुरी मागं पडल्यावर, "सायेबानं काय लिवलं? नोकरी ऱ्हायली का?"

मी "राहिली" म्हणालो आणि गाडीच्या पुढच्या अंगाला तोंड फिरवलं.

पाचव्या दिवशी गोरेगावहून काशी आली. तुझी एकुलती लेक. धावत येऊन तुझ्या खाटेवर डोकं ठेवून रडली. मग विचारलं, "माय, कशी पडलीस गं?"

मी दारात होतो. तू तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही.

"पाय सरकला गं," तू म्हणालीस. "पडले."

आत्या, ज्या गोष्टीवर तू आयुष्यभर माझ्याशी भांडलीस, ती तू दोन शब्दांत सोडून दिलीस. हाड म्हातारं झालं की आपल्या वजनानंही तुटतं, हे तुझ्या सगळ्या विद्येचं सार होतं, आणि स्वतःच्या बाबतीत तू ते खोटं पाडलंस. माझ्यासाठी. मी सुटलो असं मला वाटलं. पुढचा प्रश्न कोणता येणार, हे तुलाही सुचलं नसेल. तुझी खाट आतल्या खोलीत होती, अंगणातलं तुला ऐकू येत नव्हतं. काशी अंगणात आली आणि राधाला म्हणाली, "वयनी, त्या दिवशी सारवलं व्हतं का?"

राधाला खोटं बोलता येत नाही. म्हणाली, "व्हय. पहाटंच."

त्या क्षणापासून काशीनं राधाच्या हातचं पाणी घेतलं नाही. भांडली नाही, बोलली नाही. स्वतः आडावर जायची, स्वतःचा तांब्या भरायची. आणि राधा? ती तिथं होती, तिनं तुझं बोलणं ऐकलं होतं. पण "म्हाताऱ्या माणसाला आधी काय झालं ते कळत नसतं" असं मी तिला त्याच दिवशी सांगितलं होतं. तुझ्यावर नाही, तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी शिकलेला. मी चालवल्यानं काय झालं, ते डॉक्टर बोलले तेव्हा ती तिथं नव्हती, आणि मी तिला सांगितलं नाही. ओलं सारवण, म्हातारं माणूस, दोष आपला, असं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं. तुझी पाठ पुसताना, तुला कूस बदलवताना ती पुटपुटायची, "माफ करा, आत्याबाई." तुला वाटायचं, दुखवल्याबद्दल म्हणते आहे.

मी हे सगळं बघत होतो. रोज ठरवायचो की आज बोलायचं. रोज वाटायचं, तू बरी होशील आणि बोलायची गरज उरणार नाही. पण पडून राहिलेल्या माणसाची छाती भरते, हेही तूच मला कधीतरी सांगितलं होतंस. बाविसाव्या दिवशी ताप चढला. तापाच्या तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

राख सावडायला मी गेलो. बरोबरची माणसं भराभर उचलत होती, मी बोटांनी शोधत होतो. मला डाव्या मांडीचं हाड हवं होतं. कशासाठी, ते मला सांगता येत नाही. कदाचित मोड बघून कळेल की चार पावलांनी किती बिघडवलं, की मी चालवलं नसतं तरीही तू वाचली नसतीस. सापडलं. आरपार तडे गेलेलं. पण तसे तडे सगळ्याच हाडांना होते. कुठला तडा अंगणातला, कुठला जाळातला, काही ओळखू येईना. "गुरुजी, चला, ऊन व्हऊन राहिलं," कुणीतरी म्हणालं. तेवढाही पुरावा माझ्या वाट्याला आला नाही. ना माझ्याविरुद्ध, ना माझ्या बाजूनं.

त्या दिवसापासून मला झोप नाही. कडब्याची पेंढी सोडताना धाट मोडलं तरी मी दचकतो. ओट्याची पायरी उतरताना भिंत धरतो. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस स्वतःची नडगी अंगठ्यानं दाबून बघतो की आत भिंत किती उरली. वर्गात एखादं पोर उडी मारून खाली पडतं, हसत उठतं, आणि मला त्याच्या हाडातल्या त्या चिवटपणाचा हेवा वाटतो.

तेराव्याला मी बोललो. धीर आला म्हणून नाही. पंगत बसायच्या आधी राधा काशीसमोर पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली. काशीनं मान फिरवली आणि राधा सगळ्यांदेखत म्हणाली, "काशीवन्सं, मीच मारलं आत्याबाईला. शिव्या द्या, पन पानी घ्या."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या पडली नव्हती."

मग थांबता आलं नाही. आवाज, कोंबडी, मुआयना, पावलं, डॉक्टरांना सांगितलेलं खोटं, सगळं सांगितलं. कुणी जेवायला हात लावला नाही.  मला वाटलं, काशी मला मारेल. मला ते हवंही होतं.

ती म्हणाली, "म्हंजे माय मला खोटं बोलली? जाताना?"

मी याचा विचारच केला नव्हता, आत्या. मी माझं ओझं उतरवलं आणि तिच्या आईचा शेवटचा शब्द तिच्याकडून काढून घेतला.

"मला सोडून तुझी बाजू घेतली तिनं," काशी म्हणाली. "बरं." मग उठली. "दाखव. चार पावलं कुठनं कुठवर?"

मी दाखवलं. तुळशीपासून ओट्याकडं, तू टाकलीस तेवढी लहान. काशीनं मधे एकदा म्हटलं, "हळू टाक." चौथ्या पावलाशी मी थांबलो. ती तिथं येऊन उकिडवी बसली आणि जमिनीवर तळवा ठेवला. राधा मागून आली. काशीनं तिच्या हातातला तांब्या घेतला आणि पाणी प्याली.

संध्याकाळी गाडीत बसताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, मी कुनाला सांगनार न्हाई. पन तुला कुनी इचारलं तर तू सांगायचंस. दरवेळी. समदं."

काल तांड्यावरचा एक म्हातारा आला. बैलानं ढकलल्यानं त्याचं मनगट सुजलं होतं, हात छातीशी धरलेला. तू गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. ओट्यावर बसला, डोळे पुसले, आणि म्हणाला, "गुरुजी, तुमी इतकी वर्सं बघितलंय. तुमीच बांधा मग." मी अंबाडीच्या काड्या काढल्या, कापूस पिंजला. मानमोडीच्या साथीत केवढा होतास, तेही विचारलं. त्याला तेव्हा दोन लेकरं होती.

मग त्यानं विचारलं, "गोदाबाई कशी गेली?"

मी सांगितलं. समदं. 

 ऐकून झाल्यावर तो हळूच उठला, मोडका हात दुसऱ्या हातानं धरला, आणि "येतो, गुरुजी" म्हणून निघाला. मी त्याला थांबवलं नाही. तू बांधायचीस तसंच बांधायला मला नक्की येतं, असं तो बसला होता तेव्हा मला वाटत होतं. तो गेल्यावर मी त्या काड्या हातात घेऊन बसलो, आणि पहिली काडी वरून ठेवतात की खालून, ते मला आठवेना.